मावशींचे तास कोणाच्या खात्यावर?

पगार मालकाच्या केबिनमध्ये ठरतो अशी आपली समजूत असते, आणि म्हणून आपले मोर्चे, निवेदने, घेराव सगळे त्या केबिनच्या दाराशी जातात. आता पगाराचा बराचसा निकाल त्याआधीच, दुसऱ्या एका खोलीत लागलेला असतो. तिथे हिशेब खात्यातला एक माणूस असतो, एच.आर.चा एक अधिकारी असतो आणि हजेरीचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा एक मुलगा लॅपटॉप उघडून बसलेला असतो. दोन-तीन दुपारी खर्चून हे तिघे मिळून एक झाड काढतात. त्या झाडाच्या कोणत्या फांदीवर कोणती बाई बसणार, हे एकदा ठरले की पुढे वर्षानुवर्षे त्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही, कारण पुढचे सगळे ‘आपोआप’ होते.

मैत्रिणींनो, हा लेख त्या ‘आपोआप’बद्दल आहे. विषय रुक्ष वाटेल. बलात्काराच्या खटल्यावर, हुंड्यावर, घरातल्या मारहाणीवर आपण जितक्या तळमळीने बोलतो तितक्या तळमळीने कोणी ड्रॉपडाउन यादीवर बोलत नाही. पण ज्या गोष्टी रुक्ष म्हणून आपण सोडून देतो, नेमक्या त्याच ठिकाणी आपल्याविरुद्धचे निर्णय बिनबोभाट होतात.

आधी हे झाड काय असते ते समजून घेऊ. सॉफ्टवेअरवाले त्याला लेबर कॅटेगरी म्हणतात. खोडाशी संस्था, मोठ्या फांद्यांवर विभाग, त्यांना फुटलेल्या लहान फांद्यांवर कामगारांच्या श्रेणी, आणि टोकाच्या पानांवर प्रत्यक्ष कामे. बाई कामावर आली, यंत्राला अंगठा लावला किंवा चेहरा दाखवला, की तिचा प्रत्येक तास कुठल्या तरी एका पानावर जाऊन पडतो. पानांवरचे तास फांदीवर जमा होतात, फांद्यांवरचे खोडाशी. फांदीला जो नियम लावलेला असेल तो खालच्या सगळ्या पानांना लागू होतो: तासाचा दर कोणता, जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास परस्पर कापायचा की नाही, सात-आठ मिनिटे जास्त थांबली तर ती धरायची की खाली ढकलायची, जादा काम कोणी मंजूर करायचे. प्रत्येक कामगाराला एक मूळ पान नेमून दिलेले असते. तिने दिवसभरात दुसरे काही काम केले आणि तशी नोंद कोणी मुद्दाम केली नाही, तर तो तास मूळ पानावरच चढतो. नोंद बदलण्याचा अधिकार सुपरवायझरला. बाईला तो पडदा दिसतही नाही.

मी सामाजिक कार्यकर्ती म्हणून ज्या वस्तीत काम करते तिथल्या बऱ्याच बायका जवळच्या एका खाजगी इस्पितळात कामाला आहेत. इस्पितळात त्यांना सगळे ‘मावशी’ म्हणतात. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पुरुषांना ‘मामा’ म्हणतात. नात्याच्या हिशेबाने मामा आणि मावशी एकाच पिढीचे, एकाच घरचे, बरोबरीचे. पगाराच्या स्लिपा आमच्या केंद्रातल्या चटईवर शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा मात्र ती बरोबरी कुठेच दिसेना. मावशींच्या स्लिपवर ‘हाउसकीपिंग – अकुशल’. एका मावशीचा भाऊ तिथेच मामा आहे, त्याच्या स्लिपवर ‘पेशंट केअर – अर्धकुशल’. मावशी म्हणतात, पूर्वी हजेरीपुस्तक होते तेव्हाही पगार कमीच होता, पण स्लिपवर असे काही लिहिलेले नसायचे. यंत्र बसल्यावर हे लेबल आले.

आता मावशी काय करतात ते ऐका. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडपॅन द्यायचा, घ्यायचा, किती लघवी झाली ते सिस्टरला सांगायचे. स्पंजिंग करायचे. डायपर बदलायचा. ज्याचा हात लुळा पडला आहे त्याला घास भरवायचा, आणि तो घास श्वासनलिकेत जाणार नाही अशा बेताने भरवायचा. बाळंतिणीला पहिल्यांदा उठवून न्हाणीघरात न्यायचे आणि ती चक्कर येऊन पडेल म्हणून दारात उभे राहायचे. रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवायच्या. रात्री तीन वाजता घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसायचे. आणि हो, फरशीही पुसायची. मामा स्ट्रेचर ओढतात, रुग्णाला उचलतात, ऑक्सिजनचा सिलिंडर आणतात, लॅबमध्ये नमुने पोचवतात. मामांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण रुग्णाला उचलताना दुसऱ्या बाजूने मावशीच असते, हे त्या वॉर्डात चार तास बसलेल्या कोणालाही दिसेल. यंत्राला ते दिसत नाही, कारण मावशीच्या मूळ पानावर ‘साफसफाई’ लिहिले आहे. बारा तासांतली फरशी दीड तासाची. उरलेले साडेदहा तासही फरशीच्याच नावावर.

आम्ही एच.आर.च्या अधिकाऱ्यांना भेटलो. माणूस सभ्य होता. त्याने पडद्यावर ते झाडही दाखवले आणि समजावून सांगितले की, ही केवळ रिपोर्टसाठी केलेली वर्गवारी आहे, तिचा पगाराशी थेट संबंध नाही. मी विचारले, मग प्रत्येक फांदीपुढे दराचा रकाना कशासाठी आहे? त्यावर तो म्हणाला की तो साचा कंपनीकडून तसाच आला. म्हणजे कोणा आधीच्या गिऱ्हाइकासाठी केलेले झाड उचलून इथे लावले. ‘पेशंट केअर’खाली ‘महिला सहायक’ असे पान का नाही, असे विचारल्यावर उत्तर आले की तशी मागणी कोणी केली नाही. मागणी करायला मावशींना त्या दुपारी कोणी बोलावले होते का, हा प्रश्न त्याला खरोखरच नवा वाटला असावा. आमच्याबरोबर आलेली पन्नाशीतली एक मावशी तोवर गप्प होती, ती एवढेच म्हणाली, “आम्ही मजल्यावर जे करतो ते या यंत्राला कोण सांगतं, साहेब?”

एकट्या पगाराचे नुकसान असते तर ते निदान डोळ्यांना दिसले असते. झाडावर जमा होणाऱ्या तासांचे रिपोर्ट निघतात, आणि त्या रिपोर्टांवर पुढच्या वर्षीची माणसे ठरतात. मावशींनी केलेली रुग्णसेवा साफसफाईच्या फांदीवर चढली, की कागदावर चित्र असे उमटते: रुग्णांची काळजी थोड्याच माणसांत उत्तम चालली आहे आणि साफसफाईवर मात्र तास फारच खर्च होताहेत. मग व्यवस्थापन काय करेल? साफसफाईची माणसे कमी करेल, किंवा तेवढी फांदी कंत्राटदाराला देऊन टाकेल. या इस्पितळात तीच चर्चा सुरू आहे. कंत्राट झाले की त्या बायका झाडावरून ‘व्हेंडर’ नावाच्या फांदीवर जातील, आणि त्यांचे तास मग मजुरी म्हणून दिसणार नाहीत, बिल म्हणून दिसतील. ज्या कामामुळे इस्पितळ चालते, त्याच कामाच्या चुकीच्या नोंदीमुळे ते करणारीची नोकरी जाणार.

हा डाव यंत्राने शोधलेला नाही. श्रेणी लावून बायकांची मजुरी पाडायची युक्ती कारखान्यांइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये डॅगनहॅम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या बायकांनी १९६८ च्या जूनमध्ये संप केला, तो ‘समान वेतना’चा संप म्हणून आपल्याकडे माहीत आहे. पण त्याची सुरुवात श्रेणीवरून झाली होती. कंपनीने नव्या रचनेत शिवणकामाला ‘ब’ श्रेणी, म्हणजे अकुशल ठरवले, आणि वर त्या श्रेणीतल्या पुरुषांच्या ८५ टक्केच दर बायकांना दिला. त्यांचे म्हणणे होते, आम्हाला ‘क’ द्या, हे कसबाचे काम आहे. संप मिटला तेव्हा दर ९२ टक्क्यांपर्यंत गेला, त्या लढ्याच्या रेट्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला, सगळीकडे वाहवा झाली. श्रेणी मात्र ‘ब’च राहिली. ‘क’ श्रेणी मिळवायला त्यांना १९८४ साली पुन्हा संपावर जावे लागले. सोळा वर्षे! मालकाला दर वाढवणे परवडले, पण ‘हे कुशल काम आहे’ हे कबूल करणे परवडले नाही. यातून आपण काय घ्यायचे ते मला स्पष्ट दिसते. दराच्या लढाईपेक्षा श्रेणीची लढाई चिवट असते, कारण ती किमतीची नसते, बाईच्या कसबाला कसब म्हणायचे की नाही याची असते.

आणि इतके दूर जायचेही कारण नाही. मुंबईत मॅकिनॉन मॅकेन्झी या कंपनीत ऑड्री डिकोस्टा स्टेनोग्राफर होत्या. १९७७ साली त्यांची नोकरी गेली, त्यानंतर त्यांनी समान वेतन कायदा, १९७६ खाली दाद मागितली. कंपनीचा बचाव वाचण्यासारखा आहे. बायका ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ या वेगळ्या वर्गात आहेत, त्या वर्गात पुरुष नाहीत, मग तुलना कोणाशी? सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी हा बचाव फेटाळला. नाव वेगळे दिल्याने काम वेगळे होत नाही. युनियनशी १९७५ साली करार झाला होता म्हणून कायदा मोडता येत नाही. आणि कंपनीला परवडत नाही हीदेखील सबब चालत नाही. निकाल यायला दहा वर्षे लागली, पण त्या खटल्यात निदान ‘लेडी’ हा शब्द कागदावर होता. आजच्या झाडावर तो शब्द कुठेही नाही. ‘हाउसकीपिंग’ या शब्दात लिंग नाही, जात नाही, काही नाही. सगळे कसे स्वच्छ. मात्र त्या फांदीखालची नावे आणि आडनावे वाचत जा, म्हणजे लिंग आणि जात दोन्ही दिसतात. श्रमांची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हा फरक बाबासाहेबांनी आपल्याला दाखवून दिला आहे. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी गोष्ट पहिलीच्या नावाने सहज खपून जाते.

वर्गवारीच्या मोठ्या कागदांतही हाच खेळ आहे. आपले राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ चे, आणि ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणावर बेतलेले. त्यात कचेऱ्या, हॉटेले वगैरे ठिकाणी सफाई करणाऱ्यांचा संकेतांक ९११२, आणि आरोग्यसेवेतल्या सहायकांचा ५३२१. नऊने सुरू होणारे म्हणजे ‘प्राथमिक’ व्यवसाय, कौशल्याची सगळ्यांत खालची पायरी. पाचने सुरू होणारे त्याच्या एक पायरी वर. मावशींना नऊमध्ये टाकायचे की पाचमध्ये, हे मावशींच्या हातांकडे बघून ठरायला हवे. ते ठरते ‘मावशी’ या शब्दाकडे बघून.

इथे आपल्यातल्याच काही मैत्रिणींशी माझा मतभेद आहे, तो नोंदवते. त्या म्हणतात, ही यंत्रेच नकोत, पाळत ठेवणारी यंत्रे आहेत, फोडून टाका. पाळतीबद्दल त्यांचे खरे आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली, रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी २०२३ च्या जानेवारीपासून दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाइलवर टाकणे सक्तीचे झाले, आणि रेंज नाही म्हणून राबलेल्या बाईचा दिवस बुडण्याची पाळी आली. हे सगळे मला माहीत आहे. पण हजेरीपुस्तक काय फार प्रेमळ होते? मुकादमाच्या पेन्सिलीने आपल्या बायकांचे जितके दिवस खाल्ले त्याची मोजदाद नाही. यंत्रात निदान आत कधी आली, बाहेर कधी गेली याची वेळ राहते, आणि कोणी ती बदलली तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बदलणाऱ्याचे नाव आणि तारीखही राहते. जादा कामाच्या दाव्यात असा पुरावा पूर्वी कुठून आणणार होतो? म्हणून यंत्र हटवण्याच्या मागणीत आपली ताकद खर्च करू नये असे मला वाटते. झाड कोण काढणार, यावर ती लावावी.

वर्गवारी म्हटले की ती आपल्याविरुद्धच असणार असेही नाही. १९९१ च्या जनगणनेत शेतावरचे आणि घरच्या धंद्यातले बिनपगारी काम ‘काम’ म्हणून विचारायला लावले, तेव्हा कुठे त्या बायका कागदावर दिसू लागल्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, हे आकडे आले. ते आले कारण त्या पाहणीच्या वर्गवारीत घरातल्या बिनमोल कामाला स्वतंत्र फांदी होती. फांदी असली की तास दिसतो. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांना ‘मानधनी’ नावाच्या फांदीवर बसवून ठेवले होते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. आशाताई अजून ‘स्वयंसेविका’च आहेत.

कायद्याने आपल्या हाताशी काय आहे? चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांच्याबद्दलचे आपले आक्षेप कायम आहेत, ते मी मागे घेत नाही. तरी त्यातली जी कलमे उपयोगी पडतील ती वापरायला संकोच कशाला? १९७६ चा समान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला आहे. सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे काम म्हणजे काय, याची तिथली कसोटी कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी अशी आहे. सॉफ्टवेअरमधल्या पानाचे नाव त्या कसोटीत बसत नाही. त्याच संहितेच्या ५० व्या कलमात मालकाने श्रेणीवार वेतनदर सूचनाफलकावर ठळक लावले पाहिजेत, आणि प्रत्येकीला पगाराची स्लिप दिली पाहिजे, असे आहे. म्हणजे श्रेणी ही मालकाची खाजगी बाब राहिलेली नाही, ती भिंतीवर लागायची वस्तू आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या ४० व्या कलमाप्रमाणे सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि कोणत्या बदलांना ती लागते त्या यादीत श्रेणींची वर्गवारी आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही हे होतेच. झाडावरची फांदी हलवणे म्हणजे वर्गवारी बदलणे, हे आपण प्रत्येक ठिकाणी लेखी म्हणायला हवे. व्यवस्थापन म्हणेल, ही नुसती तांत्रिक दुरुस्ती. म्हणू दे, वाद तर होऊ दे! धर्मादाय ट्रस्टची इस्पितळे मात्र आम्ही ‘उद्योग’च नाही अशी ढाल पुढे करतील, तिथे वेतन संहितेच्या बाजूने जावे लागेल.

यात युनियनांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. डिकोस्टांच्या खटल्यात मालकाने युनियनच्या कराराची ढाल केली होती, हे विसरू नये. आजही वाटाघाटींच्या मेजावर ‘यंत्र आले’ एवढ्यावर चर्चा होते, यंत्रात काय भरले यावर होत नाही, आणि मेजाभोवती बसलेले बहुतेक सगळे मामाच असतात. झाडाची छापील प्रत करारासोबत जोडली गेली पाहिजे. प्रत्येक बाईला आपले मूळ पान कोणते ते मराठीत लिहून मिळाले पाहिजे, दिवसाचे तास कुठे चढले ते त्याच दिवशी बघता आले पाहिजे आणि हरकत घेता आली पाहिजे. ‘इतर’ आणि ‘किरकोळ’ नावाची पाने तर छाटूनच टाकली पाहिजेत. बायकांची निम्मी कामे तिथे गाडली जातात.

आमच्या इस्पितळातल्या मावशींनी सूचनाफलकावर श्रेणीवार दर लावण्याची लेखी मागणी केली आहे. दुसरीकडे त्यांनी वही घातली आहे. वहीत आडवे तास, उभी कामे, आणि जिला लिहिता येत नाही ती नुसती रेघ ओढते. नावे त्यांची त्यांनीच दिली आहेत: कूस, घास, अंग पुसणे, भांडे, लॅब, सोबत, फरशी. रात्रपाळीत ‘सोबत’चा रकाना इतका भरतो की त्याला वेगळा कागद चिकटवावा लागतो. महिनाभराची वही झाली की तिची झेरॉक्स स्लिपांना टाचून एच.आर.कडे जाईल, आणि दुसरी प्रत कामगार उपायुक्तांच्या कचेरीत.